झिजलेली कॅप उतरवण्याची विद्या

मोटारीचा दरवाजा उघडा आणि चौकटीच्या कडेला बसवलेलं काळं रबर बोटाने जरा बाजूला सारा. आतल्या पत्र्याच्या कडेवर ओळीने गोल खळगे दिसतील, साधारण करंगळीच्या नखाएवढे. त्यातला प्रत्येक खळगा म्हणजे एक स्पॉट वेल्ड. तिथे दोन किंवा तीन पत्रे आतून वितळून एकजीव झालेले असतात. चारचाकीच्या एका सांगाड्यात असे तीन ते पाच हजार स्पॉट असतात. दरवाजाच्या चौकटी, तळाचा पत्रा, छताच्या कडा, चाकांवरच्या कमानी हे सगळं या ठिपक्यांच्या जोरावर एकत्र राहतं.

मी मेंटेनन्स फिटर. आयटीआय करून भोसरीत लागलो, पुढे चाकणच्या बाजूला बॉडी शॉपमध्ये गेलो आणि नोकरीचा बहुतेक काळ स्पॉट वेल्डिंगच्या गन सांभाळण्यात गेला. आता शिकाऊ मुलामुलींना तेच काम शिकवतो. कारखाना बघायला आलेले पाहुणे रोबोट आणि उडणाऱ्या ठिणग्या बघत उभे राहतात. मला मात्र एका हातात मावणाऱ्या अवजाराबद्दल सांगायचं आहे. गनच्या टोकावरची झिजलेली तांब्याची कॅप काढायचं हे अवजार. कॅटलॉगमध्ये त्याला कॅप एक्स्ट्रॅक्टर म्हणतात, शॉपमध्ये कुणी टिप पुलर म्हणतं, कुणी टिप रिमूव्हर. ते जवळ नसलं की काय बिघडतं आणि असलं की काय काय वाचतं, हे समजायला आधी तो ठिपका कसा तयार होतो ते बघू.

पाव सेकंदाचं काम

स्पॉट गनला दोन हात असतात आणि दोन्ही हातांच्या टोकाला तांब्याचा इलेक्ट्रोड. जोडायचे पत्रे मध्ये धरले की हवेच्या दाबाचा सिलिंडर किंवा नव्या गनमधली सर्व्हो मोटर दोन्ही टोकं जवळ आणते आणि पत्रे दोनशे ते चारशे किलोच्या जोराने आवळते. मग वीज सोडली जाते, साधारण आठ ते बारा हजार अँपिअर. घरच्या मिक्सरला दोन-तीन अँपिअर पुरतात, यावरून प्रवाहाचा अंदाज यावा. व्होल्टेज मात्र अगदी मोजकं असतं. हा प्रवाह ०.२ ते ०.४ सेकंद टिकतो. तेवढ्यात पत्रा वितळतो, प्रवाह थांबतो, दाब आणखी क्षणभर तसाच राहतो, वितळलेलं पोलाद थिजतं आणि गन उघडते.

विजेमुळे तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या, विरोधाच्या आणि वेळेच्या प्रमाणात वाढते. हा नियम जेम्स जूल यांनी १८४१ मध्ये मांडला आणि आमचं सगळं काम त्यावर चालतं. तांब्याचा विरोध कमी, पोलादाचा जास्त, आणि दोन पत्रे एकमेकांना टेकतात त्या जागी सुरुवातीला सर्वांत जास्त. म्हणून नेमकं आतलं पोलाद दीड हजार अंशांच्या आसपास वितळतं आणि बाहेरचं तांबं शाबूत राहतं. आत जो वितळून थिजलेला गोळा तयार होतो त्याला नगेट म्हणतात. एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला पाच मिलिमीटरच्या आसपास व्यासाचा नगेट मिळाला की स्पॉट चांगला.

वीज आणि दाब वापरून धातू जोडण्याच्या या पद्धतीचं पेटंट एलिहू थॉमसन यांना अमेरिकेत १८८६ मध्ये मिळालं. पुढे फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांनी १९१२ मध्ये कंपनी काढून संपूर्ण पोलादी मोटारबॉडी बनवायला घेतली आणि लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकण्याचा काळ हळूहळू मागे पडला. त्याच कंपनीने १९३४ मध्ये स्टेनलेस स्टीलची ‘पायोनियर झेफिर’ ही आगगाडी स्पॉट वेल्डिंगने जोडून दाखवली. तेव्हापासून पत्र्याच्या कामात या पद्धतीइतकी स्वस्त आणि झटपट जोडणी क्वचितच दुसरी कुठली असेल.

टोकाला बसणारी कॅप

पत्र्याला टेकणारा भाग सतत झिजतो, म्हणून संपूर्ण इलेक्ट्रोड न बदलता फक्त टोक बदलता यावं अशी सोय असते. हे टोक म्हणजे कॅप, एका बाजूने बंद आणि दुसऱ्या बाजूने पोकळ असा तांब्याचा छोटा तुकडा. आयएसओ ५८२१ या मानकात तिची मापं ठरलेली आहेत. १३, १६ आणि २० मिलिमीटर व्यासाच्या कॅप नेहमीच्या, आणि आमच्या शॉपमध्ये १६ ची सर्वांत जास्त खपते. ज्या दांड्यावर ती बसते तो शँक. शँकच्या आतून पाण्याची बारीक नळी थेट कॅपच्या तळाशी जाते. थंड पाणी तिथे आदळतं आणि उष्णता घेऊन बाजूने परत येतं.

कॅप शुद्ध तांब्याची नसते. शुद्ध तांबं वीज उत्तम वाहून नेतं, पण मऊ असतं. म्हणून त्यात एक टक्क्याच्या आसपास क्रोमियम आणि त्याहून बरंच कमी झिर्कोनियम मिसळतात. या मिश्रधातूची वीज वाहण्याची क्षमता शुद्ध तांब्याच्या सुमारे ८० टक्के राहते आणि कडकपणा खूप वाढतो. मात्र तापमान पाचशे अंशांकडे सरकलं की हा कडकपणा उतरू लागतो. आतलं पाणी म्हणूनच इतकं महत्त्वाचं. पाणी कमी पडलं की कॅप मऊ होते आणि मऊ झालेली कॅप दाबाखाली पसरते.

हे पसरणं डोळ्यांना किरकोळ वाटतं. समजा कॅपचं टेकणारं तोंड सहा मिलिमीटरचं होतं आणि ते सातचं झालं. व्यास एकच मिलिमीटर वाढला, पण क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढलं. प्रवाह तेवढाच राहिला तर प्रत्येक चौरस मिलिमीटरच्या वाट्याला येणारी वीज चौथ्या हिश्शाहून जास्त घटते. दाबही तसाच विखुरतो. मग पत्रे वितळायच्या ऐवजी नुसते गरम होऊन एकमेकांना चिकटतात. वरून खळगा अगदी हवा तसा दिसतो, आत नगेट मात्र नसतो. तपासणीत छिन्नी घालून ठोकली की असे पत्रे सहज सुटतात. प्रत्येक स्पॉटला छिन्नी लावणं शक्य नसतं, नमुनेच तपासता येतात. म्हणून कॅप वेळेवर बदलणं ही आमची पहिली तटबंदी.

जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याने हा प्रश्न आणखी कठीण केला. कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि आपल्या पावसात साध्या पत्र्याची मोटार फार टिकत नाही, त्यामुळे जस्त हवंच. पण जस्त ४२० अंशांच्या जरा अलीकडेच वितळतं, कॅपच्या तांब्यात शिरतं आणि कॅपच्या तोंडावर पितळ तयार होतं. पितळाचा विरोध तांब्यापेक्षा जास्त, त्यामुळे तोंड अधिक तापतं, त्याचे कण पत्र्याला चिकटून जातात आणि खड्डे पडतात. साध्या पत्र्यावर हजारो स्पॉट सहज देणारी कॅप जस्ताच्या पत्र्यावर फार लवकर थकते.

उपाय दोन आहेत. एक म्हणजे ठरावीक स्पॉटनंतर कटरने कॅपचं तोंड तासून पुन्हा मूळ आकारात आणायचं, म्हणजे टिप ड्रेसिंग. दुसरा म्हणजे कॅप झिजत जाईल तसतसा प्रवाह टप्प्याटप्प्याने वाढवायचा. वेल्डिंगच्या कंट्रोलरमध्ये ही सोय असते, तिला स्टेपर म्हणतात. दोन्ही उपायांनी कॅपचं आयुष्य वाढतं, पण तासून तासून तोंडाचं तांबं पातळ होत जातं. एका मर्यादेनंतर कॅप बदलावीच लागते, नाहीतर आतलं पाणी फुटून बाहेर येतं.

ती इतकी घट्ट का बसते

कॅप शँकवर आट्यांनी बसत नाही. शँकचं टोक निमुळतं असतं आणि कॅपची पोकळीही त्याच मापाने निमुळती. टेपर असतो १:१०, म्हणजे दहा मिलिमीटर लांबीत व्यास एक मिलिमीटरने बदलतो. मधल्या आसापासून उतार जेमतेम तीन अंशांचा. यामागे विचार आहे. दहा हजार अँपिअर वाहून नेण्यासाठी दोन्ही धातू सगळीकडून एकमेकांना भिडायला हवेत, पाणी गळू नये म्हणून सांधा घट्ट हवा आणि बदलायला वेळ लागू नये. निमुळता सांधा या तिन्ही गोष्टी रबराच्या वॉशरशिवाय आणि आट्यांशिवाय देतो.

पण उतार इतका कमी असला की घर्षण त्याच्यावर मात करतं आणि सांधा स्वतःहून सुटत नाही. त्यात प्रत्येक स्पॉटला दोनशे-चारशे किलोचा दाब कॅपला आणखी आत ढकलतो. असं हजारो वेळा होतं. स्टीलचे पेले एकात एक ठेवून वर वजन पडलं की ते सरळ ओढून सुटत नाहीत, तसंच इथे होतं. शिवाय पाण्यातले क्षार सांध्याच्या कडेला साचतात आणि तापल्याने तांब्यावर काळा थर चढतो. नवीन कॅप हाताने बसवता येते, पण काम करून थकलेली कॅप हाताने हलत नाही.

इथेच शॉपमधल्या चुकीच्या सवयी सुरू होतात. लाइन थांबलेली असते, सुपरवायझर घड्याळ बघत असतो आणि हाताशी हातोडा असतो. मग कॅपला एका बाजूने ठोका, दुसऱ्या बाजूने ठोका, असं करत ती हलवून काढतात. कॅप निघते खरी, पण शँक किंचित वाकतो. वाकलेल्या शँकवर नवी कॅप तिरकी बसते, वरची आणि खालची कॅप समोरासमोर येत नाही, दाब एका कडेवर पडतो आणि तिथून ठिणग्या उडतात. व्हाइस ग्रिप किंवा पाइप पान्याचे दात शँकच्या निमुळत्या भागावर ओरखडले गेले तर त्या ओरखड्यातून पाणी झिरपतं. पाणी थांबावं म्हणून मग कुणीतरी तिथे टेफ्लॉनची टेप गुंडाळतं. टेप वीजही अडवते आणि उष्णताही, त्यामुळे ती कॅप आणखी लवकर मरते. भोसरीच्या एका शॉपमध्ये मी हा सगळा क्रम एकाच गनवर बघितला आहे. सगळे नव्या कॅपच्या मालाला दोष देत होते आणि मूळ कारण होतं कॅप काढायची पद्धत.

कॅप भंगारात जाणार असते, तिला काहीही झालं तरी चालतं. जपायचा असतो तो शँक. ही गोष्ट मी प्रत्येक तुकडीला पहिल्याच दिवशी सांगतो.

पाचर, पीळ आणि तरफ

कॅप काढायची जी चांगली अवजारं आहेत, ती सगळी एकाच गोष्टीची काळजी घेतात: जोर शँकच्या आसाच्या दिशेने किंवा आसाभोवती लागावा, आडवा लागू नये.

सर्वांत साधं अवजार पाचरीचं. पोलादाची जाड पट्टी, तिला मधे खाच आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना उतरत्या जाडीचे दोन दात. कॅपची खालची कड आणि शँकचा खांदा यांच्यातल्या फटीत हे दात दोन्ही बाजूंनी घालायचे आणि मागून हलका ठोका द्यायचा. ठोका आडवा असला तरी दातांचा उतार त्याला वळवतो आणि कॅप सरळ पुढे ढकलली जाते. दोन दातांवर जोर सारखा येतो, म्हणून शँक वाकत नाही. काही अवजारांत अशा दोन पाचरी समोरासमोरून एकमेकींवर सरकतात, त्यामुळे आडवा जोर जवळजवळ उरतच नाही. शँकला खांदाच नसेल किंवा फट मिळत नसेल तर मात्र पाचर उपयोगाची नाही.

दुसरं पकडीसारखं. त्याचे जबडे कॅपच्या कडेखाली बसतात आणि मुठी आवळल्या की तरफेच्या जोराने कॅप उचलली जाते. लांब मुठींमुळे थोड्या ताकदीत बराच जोर मिळतो आणि हातोडा लागतच नाही. जागा अडचणीची असते तिथे, म्हणजे सांगाड्याच्या आत शिरणाऱ्या लांब हातांच्या गनवर, हे अवजार मला सर्वांत आवडतं.

तिसरी पद्धत पिळाची. निमुळता सांधा ओढून सुटायला अवघड असतो, पण थोडा फिरवला की धातूची पकड मोडते आणि मग तो सहज निघतो. यासाठी कॅपला गच्च धरणारा खास पाना मिळतो. काही कॅपना पाना बसावा म्हणून सपाट बाजूच दिलेल्या असतात. पिळताना शँकही फिरू पाहतो, म्हणून दुसऱ्या पान्याने त्याला धरून ठेवायचं. एकाच हाताने पिळलं तर शँक ज्यात बसतो त्या होल्डरमध्ये तो फिरतो आणि पाण्याची नळी जागेवरून हलते.

उभ्या पेडेस्टल मशीनवर चौथा प्रकार दिसतो. तिथे होल्डरच्या मागच्या टोकाला एक बटण असतं. त्यावर मऊ हातोडीचा एक ठोका दिला की आतली दांडी इलेक्ट्रोडला मागून ढकलते आणि तो पुढे सुटतो. या मशीनवर इलेक्ट्रोडलाच बाजूने ठोकणारे लोक मी पाहिले आहेत. मागे बटण आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

छोट्या शॉपमध्ये पाचरीचं अवजार घरच्या घरीही बनतं. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तुकडा घ्यायचा, त्यात शँकच्या मापाची खाच पाडायची आणि दातांना ग्राइंडरवर सारखा उतार द्यायचा. शँकला लागणाऱ्या आतल्या कडा गोल करून घ्यायच्या. पाट्याचं पोलाद कडक असतं आणि कडक पोलादावर लोखंडी हातोडा मारला तर कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. म्हणून मारायची बाजू मऊ धातूची ठेवायची, हातोडी तांब्याची किंवा नायलॉनची वापरायची आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

एका तुकडीत बारीक चणीची एक मुलगी होती. “काका, ही टिप माझ्याकडून हलणार नाही, ताकद कमी पडते,” ती म्हणाली. शेजारचा मुलगा पाइप पाना घेऊन मदतीला आला. मी त्याला थांबवलं आणि तिच्या हातात पकडीचं अवजार दिलं. जबडे कडेखाली नीट बसलेत का ते बघायला सांगितलं. तिने मुठी आवळल्या आणि कॅप सुटली. त्यानंतर तिने कधी कुणाला हाक मारली नाही. चांगलं अवजार माणसाच्या दंडावर अवलंबून राहत नाही. मनगट आणि खांदा दुखावण्याच्या तक्रारीही त्यामुळे कमी होतात, आणि हे काम रोज करणाऱ्याला त्याची किंमत कळते.

काढायचा क्रम

अवजार कितीही चांगलं असलं तरी क्रम चुकला तर बोट जातं. या गनवर खरी भीती असते ती बोट चिरडण्याची. म्हणून आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप आणि नावाची पट्टी लावायची. मग हवेचा दाब पूर्ण सोडायचा, कारण वीज बंद झाली तरी साठलेल्या हवेने गन मिटू शकते. त्यानंतर पाण्याचा व्हॉल्व्ह बंद. काही लाइनवर नळीतलं पाणी मागे ओढून घेणारी सोय असते, त्यामुळे कॅप काढल्यावर पाणी पत्र्यावर सांडत नाही.

कॅप निघाल्यावर शँकच्या निमुळत्या भागावर बोट फिरवायचं. ओरखडा, चिकटलेला क्षार, उठलेली कड असं काही लागलं तर अगदी बारीक पॉलिश पेपरने पुसून घ्यायचं. जोरात घासलं तर टेपरचं मापच बिघडतं. खोल इजा असेल तर शँक बदलायचा. पाण्याची नळी कॅपच्या तळाजवळ पोहोचते का, ती आखूड किंवा तिरकी झाली आहे का, तेही याच वेळी बघायचं. नवी कॅप हाताने बसवून थोडी पिळायची, मऊ हातोडीने एक ठोका द्यायचा आणि मग पाणी सोडून गळती तपासायची. सांध्याला ग्रीस, टेप, सीलंट काहीही लावायचं नाही.

शेवटी दोन्ही कॅपच्या मध्ये पांढरा कागद आणि कार्बन पेपर ठेवून, हवा पुन्हा सुरू करून, पण वेल्डिंगची वीज न सोडता गन मिटवायची. कागदावर उमटलेला ठसा गोल आणि सगळीकडे सारखा गडद असेल तर कॅप समोरासमोर आहेत. ठसा चंद्रकोरीसारखा आला तर कुठेतरी वाकलं आहे. मग कंट्रोलरमधला स्टेपर शून्यावर आणायचा. हे विसरलं तर झिजलेल्या कॅपसाठी वाढवलेला प्रवाह नव्या कॅपवर पडतो आणि पत्र्याला भोक पडू शकतं. दोन टाकाऊ पत्र्यांवर स्पॉट मारून, ते उपटून, नगेट मोजायचा आणि तेव्हाच लाइन सोडायची.

काढलेली कॅप काय सांगते

वाकवून, चेचून काढलेल्या कॅपवरून काही कळत नाही. पाचरीने किंवा तरफेने नीट काढलेली कॅप मात्र गनचा पूर्ण अहवाल देते. तिला वाचायला शिकवणं हा माझ्या वर्गातला सर्वांत आवडता तास.

तोंडावरचा खड्डा मधोमध असेल तर झीज नेहमीची आहे. तो एका बाजूला सरकलेला असेल तर हात किंवा शँक वाकला आहे. कडा छत्रीसारख्या बाहेर पसरल्या असतील तर दाब जास्त आहे, प्रवाह जास्त आहे किंवा पाणी कमी पडतंय. तोंड पिवळं पडलं असेल तर ते जस्त आणि तांब्याचं पितळ, म्हणजे ड्रेसिंग उशिरा होतंय. बाहेरची बाजू काळी-निळी झाली असेल तर थंडावा पोहोचत नाही. कॅप उलटी करून आत बघा. पांढरट क्षार साचला असेल तर पाण्याची तपासणी करायला हवी. निमुळत्या भागावर एका बाजूला चकाकी आणि दुसऱ्या बाजूला काळपट डाग असेल तर सांधा अर्ध्याच जागी भिडत होता आणि तेवढी वीज तिथेच उष्णता होऊन वाया जात होती.

म्हणून काढलेल्या कॅप गनच्या नंबरप्रमाणे ट्रेमध्ये ठेवायच्या आणि शिफ्ट संपताना एकदा सगळ्या बघायच्या. ज्या गनच्या कॅप वारंवार तेच दुखणं दाखवतात तिची दुरुस्ती आधी करायची. त्यानंतर हे तांबं वेगळ्या डब्यात जातं. क्रोमियम असलेलं तांबं साध्या तांब्याच्या भंगारात मिसळू नये, भट्टीवाल्याला दोन्हीचा हिशोब वेगळा लागतो.

रोबोटच्या हातातलं हेच काम

काही मोठ्या लाइनवर आता माणूस कॅप काढत नाही. ठरलेले स्पॉट झाले की रोबोट आपली गन घेऊन बाजूच्या स्टँडकडे जातो. पाणी बंद होतं. स्टँडवरचे जबडे कॅपला धरतात, फिरवतात आणि ओढून काढतात. सेन्सर खात्री करतो की कॅप खरंच निघाली आहे. मग गन मॅगझिनमधल्या नव्या कॅपवर येते आणि स्वतःच्या दाबाने ती बसवून घेते. पुन्हा सेन्सरची तपासणी होते, पाणी सुरू होतं, प्रवाह नीट आहे का ते मीटर सांगतं, स्टेपर शून्यावर येतो आणि रोबोट कामाला परत जातो.

नीट बघितलं तर यात नवं तत्त्व काहीच नाही. पीळ देऊन पकड मोडायची, शँक जपायचा, टेपर भिडतोय का बघायचं, पाणी तपासायचं. यंत्राला ते सगळं शिकवावं लागलं, कारण त्यातली एकही पायरी गाळली तर पुढचे शेकडो स्पॉट कच्चे जातात. आणि स्टँडचे जबडे झिजले, कॅप अर्धवट अडकली की शेवटी फिटरलाच बोलावतात. तो येतो तेव्हा त्याच्या पिशवीत हाताचं अवजार असावं लागतं.

चाकण, रांजणगाव, भोसरी, नाशिकची अंबड-सातपूर, संभाजीनगरची वाळूज या सगळ्या पट्ट्यांत सुट्या भागांची असंख्य छोटी शॉप आहेत. मोटारीच्या सीटची चौकट, बिजागरीची पट्टी, दुचाकीचे पत्र्याचे भाग तिथे स्पॉट होतात. तिथे रोबोट नाही. तिथे बॅलन्सरला टांगलेली एक गन, एक ऑपरेटर आणि बऱ्याचदा एक हातोडा असतो. आपल्या देशात १ ऑक्टोबर २०२३ पासून गाड्यांना धडक चाचणीवरून तारे देणारा भारत एनकॅप हा कार्यक्रम लागू झाला. गाडीला किती तारे मिळाले याची चर्चा लोक करतात, आणि ती व्हायलाच हवी. पण धडक बसते तेव्हा सीट जागेवर राहणार का, हे अशाच छोट्या शॉपमधल्या एखाद्या स्पॉटवरही ठरतं.

म्हणून माझं शॉपच्या मालकांना आणि मॅनेजरना सांगणं आहे की प्रत्येक गनच्या स्टँडला कॅप काढायचं अवजार साखळीने बांधून ठेवा, कुणाच्या तरी कपाटात कुलूपबंद नको. त्याला लागणारा पैसा एका वाकलेल्या शँकच्या आणि थांबलेल्या लाइनच्या खर्चापुढे फार थोडा आहे. आयटीआयच्या शिक्षकांना विनंती आहे की फिटरच्या विद्यार्थ्याला निमुळता सांधा बसवायला शिकवता तसा तो इजा न करता सोडवायलाही शिकवा आणि त्यावर गुण द्या. आणि नव्याने लागलेल्या मुलामुलींना सांगतो की अवजार मिळालं नाही तर हातोडा उचलू नका. काम थांबवून ते मागा. ते मागण्यात कमीपणा नाही, कारण त्या स्पॉटच्या भरवशावर कुणीतरी आपल्या घरच्यांना गाडीत बसवणार आहे.